सातवा रुसवा

"ताट माघारी आलं बगा," मामींनी ताट ओट्यावर ठेवलं. "भाकरी मोडलीया, पर खाल्ली न्हाय. घास तोंडातनं भायेर काढून ठेवलाय."

स्वयंपाकघरात सात-आठ बायका लग्नाचे लाडू वळत होत्या. त्यांनी आधी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. लग्न चार दिवसांवर आलं होतं, नवरीचा बाप रुसला होता, आणि कुणामुळं रुसला होता याबद्दल घरात कुणाच्याच मनात शंका नव्हती.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. रुसलेले ते माझे सासरे, हिंदुराव निकम, सगळ्या विट्याचे तात्या. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. स्टँडवरच्या कर्ण्यातून तात्यांचा आवाज आला की झोपलेला माणूससुद्धा पिशवी उचलून गाडीकडं पळायचा. हा आवाज घरात बंद झाला, की समजायचं, तात्या रुसले.

त्यांच्या रुसव्यांची आमच्याकडं रीतसर गणती होती. पहिला माझ्या लग्नात, व्याह्यांनी आहेराचा फेटा आधी धाकट्या भावाला बांधला म्हणून. तिसरा दिवाळीत, चौथा घराला रंग कुठला द्यायचा यावरून. चौथ्यात त्यांनी छातीत कळ येत असल्याचं लिहून दाखवलं. आम्ही कुंभोजकर डॉक्टरांना स्कूटरवर घालून आणलं. त्यांनी हृदयाची पट्टी काढली, उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "यांच्या छातीत काही नाही. मनात असेल तर ते माझ्या मशीनला दिसत नाही." त्या दिवशी सगळ्या गल्लीसमोर आमची मान खाली गेली.

रुसायची पद्धत ठरलेली. मधल्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड, तोंडावर टॉवेल, अन्न बंद, बोलणं बंद. अगदीच गरज पडली तर कागदावर चार शब्द. आणि मिटायची पद्धतही ठरलेली. ज्याच्यामुळं रुसले त्यानं पाया पडायचं आणि स्वतःच्या हातानं काहीतरी गोड त्यांच्या तोंडात घालायचं. तात्या तो घास एरंडेल प्यायल्यासारखा गिळायचे आणि म्हणायचे, "बरं. झालं गेलं." असे सहा रुसवे मिटले होते.

सातव्याला कारण झालं धाकट्या मुलीच्या, जयमालाच्या लग्नाची पत्रिका. ती मी छापून आणली होती. निमंत्रकांत सगळ्यात वर मी अण्णांचं नाव टाकलं, म्हणजे तात्यांच्या धाकट्या भावाचं. अण्णा पंधरा वर्षांपूर्वी पंचायत समितीचे सभापती होते, आणि आमच्याकडं माणूस एकदा सभापती झाला की सरणावर जाईपर्यंत सभापतीच. आमदार लग्नाला येणार होते तेही त्यांच्याच शब्दावर. तात्यांचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं. छापखान्यानं उशीर लावला आणि पत्रिका मंगळवारी दुपारी आल्या. एक देवापुढं ठेवली, आणि तात्या झोपलेले म्हणून माझ्या बायकोनं, शालननं, एक त्यांच्या उशाशी ठेवली. दिवेलागणीला तात्या उठले ते मुकेच.

बुधवारी सकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. माझं स्टँडच्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. दीड वर्षापूर्वी तात्यांचा उजवा हात लुळा पडला आणि तोंड वाकडं झालं, तेव्हा हा अर्धांगाचा झटका आहे हे मी पाहताक्षणी ओळखलं होतं आणि तासाभरात त्यांना मिरजेला पोचवलं होतं. महिन्याभरात ते खडखडीत बरे झाले. तेव्हापासून सासुरवाडीत मला अर्धा डॉक्टर समजत. खरं सांगायचं तर मी स्वतःला पाऊण समजायला लागलो होतो.

"तात्या, चुकलं असेल तर सांगा," मी म्हणालो. "पण जेवा. घरात कार्य आहे."

ते उठून बसले. तोंडावरचा टॉवेल बाजूला केला. तोंड जरासं उघडं, ओठाच्या कोपऱ्यात लाळ. चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. मला वाटलं, या वेळी तात्यांनी फार मनावर घेतलंय. त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, उशाची पत्रिका उचलली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एसटीच्या रजिस्टरातल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'तोंड हलत नाही. गिळता येत नाही. डॉक्टरला बोलव.'

मी ते वाचत होतो, तेवढ्यात तात्यांना जांभई आली. साधीसुधी नाही. दाढा मोजता याव्यात एवढी.

मी कागदाकडं बघितलं, दाढांकडं बघितलं. आणि लिहायला कागद कुठला निवडलाय तेही बघितलं. घरात वह्यांचा तोटा नव्हता.

तरीही मी शास्त्राचा माणूस. मी त्यांना रीतसर तपासलं. "माझी बोटं दाबा." त्यांनी अशी दाबली की कळ खांद्यापर्यंत गेली. "चालून दाखवा." न्हाणीपर्यंत ताठ चालत जाऊन आले. तोंड वाकडं नव्हतं. मागच्या वेळी वाकडं झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"जीभ बाहेर काढा."

नाही काढली.

"गाल फुगवा. बरं, निदान डोळे तरी मिटा."

तात्या माझ्याकडं टक लावून बघत राहिले. मी 'राहू दे' म्हणून मान फिरवायला लागलो, तर त्यांची पापणी आपसूक लवली.

इतक्यात अण्णा आले. त्यांना निरोप गेला होता. "दादा, आरं नावात काय ठेवलंय," असं म्हणत ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. अण्णांचं वजन सभापतिपदानंतर कमी झालं नव्हतं. खुर्चीचे चारी पाय चार दिशांना गेले आणि अण्णा, हातातल्या पत्रिकांच्या गठ्ठ्यासह, जमिनीवर आले. क्षणभर कुणाला काय करावं कळेना. मग खाटेवरून हसणं ऐकू आलं. तात्या हसत होते. दोन्ही गाल वर, डोळे बारीक, तोंड सरळ, खांदे गदागदा हलताहेत.

अण्णा जमिनीवरूनच म्हणाले, "घ्या. ह्यो म्हनं आजारी."

"नाटक आहे सगळं," मी निकाल दिला. "ज्याला झटका येतो त्याला असं सरळ हसता येत नाही. ज्याचं तोंड जांभईला उघडतं त्याचं भाकरीलाही उघडतं."

तात्यांचं हसणं आलं तसं पुसलं गेलं. चेहरा पुन्हा सपाट. त्यांनी पत्रिका गुडघ्यावर घेतली आणि पुन्हा काहीतरी लिहायला पेन टेकवलं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि खिशाला लावलं. "कागदावर नाही, तात्या. तोंडानं बोला."

बाहेर ओसरीवर जयूनं मला गाठलं. ती बी.एड. झालेली, घरात तिला थोडा मान होता, पण तो नवरी होण्याआधी. आता हळदीच्या मुलीनं काय बोलावं यावर मर्यादा होत्या.

"दाजी, शर्ट बघितला का त्यांचा? पुढनं सगळा भिजलाय. पाणी प्यायला बघत्यात आणि बाहेर येतंय. एकदा डॉक्टरांना दाखवू या की."

"चौथा रुसवा आठव," मी म्हणालो. "कुंभोजकर आता येतील का? आणि डॉक्टर दारात दिसला की दुपारपर्यंत बातमी तुझ्या सासरी जाईल. नवरीच्या बापाला पुन्हा झटका आला. लग्न पुढं ढकला म्हणतील. मग मोडायला किती वेळ?"

"मोडलं तर मोडलं."

"आसं येडीगत बोलू नगं, जयू," मामी आतून म्हणाल्या. "उत्तमराव, तुमी पाया पडायचं काय ते बगा. आदी रुसवा, मग डाक्टर."

उत्तमराव म्हणजे मी. पाया पडायला माझी ना नव्हती, पण नुसत्या पायांवर हे भागणार नाही असं मला वाटलं. गुन्हा पत्रिकेचा होता, तेव्हा प्रायश्चित्तही पत्रिकेचंच हवं. गुरुवारी सकाळी मी छापखान्यात गेलो आणि एक पत्रिका छापून मागितली. एकच. वर श्री. हिंदुराव निकम, मोठ्या ठळक अक्षरात, अण्णा खाली. बाकीच्या आठशे पत्रिका गावोगाव गेल्याच होत्या, त्यांना कोण परत आणतो. छापखानेवाला म्हणाला, "किती मोठं नाव करू?" मी म्हणालो, "एका माणसाचं समाधान होईल एवढं." या युक्तीवर मी दिवसभर खूश होतो.

संध्याकाळी सगळे मधल्या खोलीत जमले. तात्यांना उठवून बसवलं. दोन दिवसांत ते खंगले होते, ओठ सुकले होते, डोळे खोल गेले होते. हट्टाला पेटलेला माणूस असाच दिसतो, असं मला तेव्हा वाटलं. अण्णा वाकून पाया पडले, त्यांच्यामागून मी पडलो. जयूनं कपाटातला चष्मा आणून तात्यांच्या डोळ्यांवर चढवला. मी पत्रिका पुढं धरली.

तात्यांनी वाचली. एकदा वाचली, पुन्हा जवळ धरून वाचली. आणि ते हसायला लागले. अण्णा पडले तेव्हापेक्षाही मोठ्यानं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मिटलं बाई एकदाचं," मामी म्हणाल्या आणि त्यांनीही पदर डोळ्यांना लावला. "उत्तमराव, तोंड गोड करा त्यांचं."

कुणीतरी माझ्या हातात बेसनाचा लाडू दिला. तात्यांचं तोंड हसण्यानं उघडं होतं. मी अर्धा लाडू मोडून आत घातला.

हसणं थांबलं. लाडू जिभेवर तसाच. तात्या माझ्याकडं बघत होते.

"गिळा, तात्या."

त्यांनी मान हलवली. दोन्ही हात वर करून माझं मनगट धरलं. आता या टोकाला येऊन पुन्हा हट्ट नको, असं मला वाटलं. मी लहान पोराला औषध देतात तशी त्यांची हनुवटी खालून दाबून तोंड मिटवलं आणि पाठीवरून हात फिरवला. त्यांनी श्वास घेतला.

तो आवाज मी सांगू शकणार नाही. त्यांचे ओठ काळेनिळे पडायला लागले आणि माझा हात अजून हनुवटीखालीच होता. जयूनं मला असा धक्का दिला की मी अण्णांवर जाऊन आदळलो. हिरवा चुडा भरलेल्या हातानं तिनं बापाला पालथं वाकवलं, दोन बोटं घशापर्यंत घालून लाडू ओढून काढला, पाठीत बुक्क्या घातल्या. बांगड्यांच्या काचा खाटेवर पडल्या. तिसऱ्या-चौथ्या बुक्कीला त्यांना श्वास आला.

अण्णांच्या जीपमधून आम्ही मिरज गाठली.

मेंदूच्या डॉक्टर तरुण होत्या, चाळिशीच्या आतल्या. मेंदूचे फोटो काढून झाल्यावर त्यांनी ते दिव्यावर लावले आणि मला समोर उभं केलं. "हा डाग दीड वर्षापूर्वीचा. आणि हा दुसऱ्या बाजूचा, बरोबर त्याच जागी, दोन-तीन दिवसांपूर्वीचा. एक बाजू गेली तर दुसरी सांभाळून घेते. दोन्ही गेल्या की चेहरा, जीभ, घसा हुकमात राहत नाहीत. चावता येत नाही, गिळता येत नाही, बोलता येत नाही. हातपाय धड असतात."

"पण ते हसले," मी म्हणालो. "दोनदा हसले. जांभई दिली. मी स्वतः पाहिलं."

"हसा म्हणून सांगितलं होतं का कुणी?"

"नाही."

"म्हणून हसले. हसू, रडू, जांभई यांची वाट वेगळी आहे, ती शाबूत आहे. सांगून होणारं सगळं गेलंय. न सांगता होणारं राहिलंय." मग त्यांनी विचारलं, "लिहिता येतं त्यांना. कुणाला लिहून सांगितलं नाही का त्यांनी?"

माझ्या खिशाला पेन होतं. मी म्हणालो, "विचारतो घरी."

लाडवाचे कण छातीत गेले होते. त्याचा न्यूमोनिया झाला. नऊ दिवस तात्या राहतात की जातात, असं चाललं होतं. लग्न सहा आठवडे पुढं गेलं. नवरदेवाच्या वडिलांना मी घाबरत घाबरत सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "अहो, आधी माणूस. एवढं विचारायचं काय त्यात?" एवढं एक वाक्य विचारायच्या भीतीनं आम्ही तात्यांना दोन दिवस उपाशी ठेवलं होतं.

दहाव्या दिवशी तात्या उशीला टेकून बसले. नाकातून पोटापर्यंत नळी, तिच्यातून दूध आणि मुगाचं पाणी. हातात जयूनं आणलेली पाटी. मी खाली मान घालून म्हणालो, "तात्या, मला माफ करा. मला वाटलं, तुम्ही पत्रिकेवरून रुसलाय."

त्यांनी लिहिलं: 'कसली पत्रिका?'

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग विचारत गेलो आणि ते लिहीत गेले. मंगळवारी झोपेतून उठले तेव्हाच तोंड बंद होतं. चष्मा कपाटात होता. उशाशी कागद सापडला, कोऱ्या बाजूवर लिहिलं. तो कशाचा कागद आहे हे त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. सातवा रुसवा झालाच नव्हता. तो आम्हीच सगळ्यांनी मिळून करून ठेवला होता.

"मग गुरुवारी ती पत्रिका वाचून हसलात कशाला?"

'गणपतीपेक्षा माझं नाव मोठं. छापणाऱ्याला अक्कल नाही.'

या ठिकाणी शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मला त्या दिवशी खरं बोलायची हुक्की आली होती. मी आधीच्या आठशेंतली एक पत्रिका पिशवीतून काढून त्यांना दाखवली. दुसरी ओळ त्यांनी बराच वेळ वाचली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, उमटणार नव्हतंच. त्यांनी पत्रिका घडी घालून मला परत दिली आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

चार वाजता नळीतून दूध द्यायची पाळी माझी होती. नर्सनं शिकवलं होतं तसं मी सगळं केलं, तर दूध खाली उतरेना. नळी तुंबली म्हणून मी घाबरलो, नर्सला हाक मारणार होतो. मग दिसलं. माझ्याकडं पाठ करून तात्यांनी उशीजवळ नळी दोन बोटांत चिमटून धरली होती. मामी आल्या, त्यांनी नळी हातात घेतली, बोटं सुटली, दूध सरसर उतरलं. पुन्हा मी हात लावला, पुन्हा चिमटा.

"रुसल्यात तुमच्यावर," मामी हळूच म्हणाल्या.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकलो आणि रडलो. लाज वाटली म्हणून रडलो, आणि तात्या अजून रुसू शकतात हे बघून बरं वाटलं म्हणूनही रडलो.

पण हा रुसवा मिटवायचा कसा हे कुणालाच माहीत नव्हतं. पाया पडून झालं होतं. तोंड गोड करायची सोय राहिली नव्हती, आणि मी त्यांच्या तोंडाजवळ हात न्यावा अशी कुणाची इच्छाही नव्हती. घरी आल्यावरही तेच चालू राहिलं. अण्णा, जयू, शालन, कुणीही नळीला हात लावला तर चाले, मी लावला की दोन बोटं. अण्णा नुसते खुर्चीकडं निघाले तरी तात्यांना हसू फुटायचं. माझ्यासाठी ते कधीच फुटलं नाही, आणि खोटं हसू आता त्यांच्याजवळ नव्हतं. नव्या तारखेच्या पत्रिकेचा मजकूर त्यांनी स्वतः पाटीवर लिहून दिला. पहिलं नाव अण्णांचं, दुसरं त्यांचं. माझं कुठंच नव्हतं.

लग्नाला तात्या फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या. एक वाजता दूध द्यायची वेळ झाली, तर मामी विहिणीच्या पंगतीत अडकलेल्या, शालन आहेराच्या खोलीत, जयूला तर विचारायची सोयच नव्हती. कार्यालयाच्या मागच्या खोलीत तात्या आणि मी दोघंच. बाहेरून वाढप्यांच्या हाका येत होत्या, जिलबीचा आणि तुपाचा वास येत होता.

मी नळी हातात घेतली आणि त्यांच्या बोटांची वाट बघत थांबलो. बोटं मांडीवरच राहिली. मी थोडं दूध सोडलं. उतरलं. आणखी थोडं सोडलं.

"तात्या," मी विचारलं, "गेला का राग?"

त्यांनी पाटी ओढून घेतली, लिहिलं आणि माझ्यासमोर धरली: 'राग तसाच आहे. भूक लागली आहे.'

मी मान हलवली आणि उरलेलं दूध सावकाश सोडत राहिलो.